हेलियमविषयीचे तीन समज : विजयदुर्ग, मानवी स्वर आणि श्वास

सूर्याच्या वर्णपटात प्रथम दिसलेले आणि त्यानंतर सत्तावीस वर्षांनी पृथ्वीवर हाती लागलेले हेलियम हे मूलद्रव्य महाराष्ट्रात दोन कारणांनी सर्वपरिचित आहे. एक म्हणजे विजयदुर्गाशी जोडलेली त्याच्या शोधाची कथा, आणि दुसरे म्हणजे फुग्यातील हेलियम ओढून घेतल्यावर होणारा हास्यकारक आवाज. पहिल्या गोष्टीचा कोकणाला अभिमान वाटतो, दुसरीची तरुणांना गंमत वाटते. परंतु या वायूविषयी जे तीन समज सर्वत्र रूढ आहेत, ते तिन्ही तपासून पाहण्याजोगे आहेत. हेलियमचा शोध १८६८ साली विजयदुर्गावर लागला, हा पहिला समज. हेलियमने स्वरतंतूंवर परिणाम होऊन आवाज बारीक होतो, हा दुसरा. हेलियम विषारी नाही, म्हणून ते श्वासावाटे घेण्यात धोका नाही, हा तिसरा. पहिला समज इतिहासाच्या कक्षेत येतो, दुसरा ध्वनिविज्ञानाच्या. तिसऱ्याचा संबंध मात्र प्रत्यक्ष जीविताशी आहे. प्रस्तुत लेखात या तिहींचा क्रमाने विचार करावयाचा आहे.

१. विजयदुर्ग आणि पिवळी रेषा

१८ ऑगस्ट १८६८ रोजी झालेल्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावरून दख्खन ओलांडून आंध्र किनाऱ्याकडे गेला होता. पेण, रोहे इत्यादी आजच्या रायगड जिल्ह्यातील गावे या पट्ट्याच्या उत्तरेस राहिल्यामुळे तेथे ग्रहण खंडग्रासच होते. पट्ट्याच्या मध्यभागी खग्रास स्थिती पाच मिनिटांहून अधिक काळ टिकणार असल्याने आणि वर्णपटदर्शक हे उपकरण नुकतेच ज्योतिषशास्त्रज्ञांच्या हाती आलेले असल्याने या ग्रहणाला असाधारण महत्त्व प्राप्त झाले. सूर्यबिंबाच्या कडेवर ग्रहणकाळी दिसणाऱ्या तांबूस ज्वाला कशाच्या बनलेल्या आहेत, हा त्या वेळचा मुख्य प्रश्न होता.

निरीक्षकांची ठाणी कोठे होती, हे आपल्याला निश्चित माहीत आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर जानसेन आणि मेजर टेनंट हे गुंटूर येथे होते. मद्रास वेधशाळेचे नॉर्मन पॉग्सन मच्छलीपट्टण येथे होते. मराठी वाचकाला अधिक जवळची ठाणी म्हणजे विजापूर आणि पटवर्धनांच्या संस्थानातील जमखिंडी. विजापूर येथे कॅप्टन हेग होते, तर जमखिंडी येथे प्रसिद्ध ज्योतिर्विद सर जॉन हर्शेल यांचे पुत्र लेफ्टनंट जॉन हर्शेल रॉयल सोसायटीच्या वतीने निरीक्षण करीत होते. ढगांचा अडथळा असतानाही हर्शेल यांना ज्वालांच्या वर्णपटात तेजस्वी रेषा दिसल्या. ज्वाला वायुरूप आहेत, हे त्यामुळे सिद्ध झाले. या रेषांपैकी एक पिवळी होती. सोडियमची जोडरेषा वर्णपटात ज्या ठिकाणी असते त्याच ठिकाणी ही रेषा आहे, असे त्या दिवशीच्या निरीक्षकांना सामान्यतः वाटले. नवे मूलद्रव्य सापडल्याचा दावा त्यांच्यापैकी कोणीही केला नाही. जानसेन यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रहण नसतानाही त्या ज्वालांचा वर्णपट पाहता येतो हे दाखविले. त्यांचे खरे श्रेय ते होय.

मग नॉर्मन लॉकयर कोठे होते? ते इंग्लंडमध्ये होते. त्यांनी मागविलेला वर्णपटदर्शक त्यांना ऑक्टोबर १८६८ मध्ये मिळाला, आणि २० ऑक्टोबर रोजी त्यांनी ग्रहणाच्या साहाय्यावाचून सूर्यज्वालांचा वर्णपट पाहिला. जानसेन यांचे हिंदुस्थानातून पाठविलेले पत्र आणि लॉकयर यांचे वृत्त ही दोन्ही पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे एकाच दिवशी आली, म्हणून पुढे फ्रेंच सरकारने दोघांच्या मुद्रा असलेले पदक काढले. पिवळी रेषा सोडियमच्या जोडरेषेशी जुळत नाही, ती किंचित बाजूला आहे, हे लॉकयर यांच्या मोजमापांतून स्पष्ट झाले. सोडियमच्या रेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर असतात, तर ही रेषा ५८७.६ नॅनोमीटरवर आहे. एवढ्या सूक्ष्म अंतरावर एका मूलद्रव्याचे अस्तित्व अवलंबून होते. सूर्यवाचक ग्रीक शब्दावरून हेलियम हे नाव प्रचारात आले. १८७१ साली विल्यम टॉमसन यांच्या भाषणात त्याचा जाहीर उल्लेख झाला. लंडनमध्ये विल्यम रॅम्झी यांनी क्लीव्हाइट या युरेनियमयुक्त खनिजातून हा वायू वेगळा केला तो १८९५ साली. तोपर्यंत अनेक रसायनशास्त्रज्ञ या नावाकडे संशयानेच पाहत होते.

यावरून विजयदुर्गाची कथा निराधार आहे असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे होईल. किल्ल्यावर ‘साहेबाचे कट्टे’ म्हणून ओळखले जाणारे चौथरे आहेत, आणि लोकस्मृतीत तेथे दुर्बीण लावणाऱ्या साहेबाचे नाव लॉकयर असेच आहे. लोकस्मृतीने व्यक्ती आणि स्थळ अचूक राखले आहे. चुकले आहे ते ग्रहण. २२ जानेवारी १८९८ रोजी पुन्हा एक खग्रास ग्रहण कोकणावरून गेले, आणि त्या वेळी सर नॉर्मन लॉकयर हे ‘मेल्पोमीन’ या युद्धनौकेवरील अधिकारी व खलाशी यांच्या मदतीने विजयदुर्ग येथेच तळ ठोकून होते. त्याच ग्रहणाचे निरीक्षण पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे प्राध्यापक नायगमवाला यांनी जेऊर येथून केले. जड उपकरणांना स्थिर पाया लागतो, तेव्हा ते चौथरे या मोहिमेशी संबद्ध असणे अधिक संभवनीय आहे. ऋतुमानही याच निष्कर्षाला पुष्टी देते. भर श्रावणातील पावसात कोकण किनाऱ्यावर सूर्य पाहण्यासाठी कोणी तळ उभारील हे पटत नाही. जानेवारीतील निरभ्र आकाशात तसे करणे स्वाभाविक आहे.

तीस वर्षांच्या अंतराने घडलेल्या दोन घटना लोकांच्या तोंडी एक झाल्या, असा हा प्रकार आहे. भाषेच्या अभ्यासकाला अशी सरमिसळ अपरिचित नाही. दोन शब्दांचे अर्थ एकमेकांत मिसळून तिसराच अर्थ रूढ व्हावा, तसेच हे आहे. गेली काही वर्षे १८ ऑगस्ट हा दिवस विजयदुर्ग येथे हेलियम दिन म्हणून साजरा होतो. या उत्सवात १८९८ च्या खऱ्या मोहिमेला स्थान मिळाल्यास विजयदुर्गाचा मान कमी न होता तो अधिक भक्कम पायावर उभा राहील. जमखिंडीच्या ठाण्याचा विसर पडला आहे, त्याचेही मग स्मरण होईल.

२. स्वर कोठे बदलतो?

आता दुसरा समज. हेलियम घेतलेल्या माणसाचा आवाज बारीक ऐकू येतो, म्हणून त्याच्या स्वरतंतूंचा कंप जलद झाला असावा, असे बहुतेकांना वाटते. वस्तुतः स्वरतंतूंची कंप्रता त्यांचे वस्तुमान, त्यांचा ताण आणि फुप्फुसातून येणारा दाब यांवर अवलंबून असते. सभोवती कोणता वायू आहे याचा तिच्यावर फारच थोडा परिणाम होतो. बदल होतो तो स्वरतंतूंच्या वर, म्हणजे कंठापासून ओठांपर्यंतच्या पोकळीत.

वायूतील ध्वनीचा वेग वायूच्या रेणुभाराच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. हवेचा सरासरी रेणुभार सुमारे २९, तर हेलियमचा ४ आहे. विशिष्ट उष्णतांच्या गुणोत्तरातील फरक जमेस धरला म्हणजे शुद्ध हेलियममध्ये ध्वनीचा वेग हवेतील वेगाच्या सुमारे २.९ पट येतो. नेहमीच्या तपमानात हवेतील वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, तर हेलियममधील वेग सुमारे १,००० मीटर असतो. प्रौढ पुरुषाची वाक्पोकळी साधारण १७.५ सेंटिमीटर लांब धरली, आणि ती एका टोकास बंद व दुसऱ्या टोकास उघडी अशी नळी मानली, तर हवेत तिची अनुस्पंदने सेकंदाला सुमारे ५००, १,५०० आणि २,५०० कंपनांवर येतात. वेग वाढला की ही सारी अनुस्पंदने त्याच प्रमाणात वर सरकतात. प्रत्यक्षात मुखात हेलियमबरोबर हवा, कार्बन डायऑक्साइड आणि बाष्प मिसळलेले असल्याने ही वाढ २.९ पटींहून बरीच कमी असते; तरीही ती कानाला चकविण्यास पुरेशी होते.

वाद्यांच्या उदाहरणाने हा भेद स्पष्ट होईल. बासरीत हेलियम भरले तर तिचा सूर चढतो, कारण बासरीत कंप पावतो तो नळीतील वायूच. पेटीच्या पात्यांवरून हेलियम सोडले, तर सूर जवळजवळ तोच राहतो, कारण तेथे कंप पावते ते धातूचे पाते. मानवी कंठ या बाबतीत पेटीसारखा आहे. मात्र त्याला बासरीसारखी नळी जोडलेली आहे. म्हणून हेलियमच्या आवाजात सूर जवळजवळ कायम राहतो आणि त्याचा रंग बदलतो. लहान मुलाचे स्वरतंतूही लहान असतात आणि वाक्पोकळीही आखूड असते, त्यामुळे त्याच्या आवाजात सूर आणि अनुस्पंदने दोन्ही वर असतात. हेलियमच्या आवाजात सूर प्रौढाचा आणि अनुस्पंदने बालकाच्याही पलीकडची असतात. निसर्गात सहसा न आढळणाऱ्या या जोडीमुळेच आपल्याला हसू येते.

उगम आणि पोकळी यांचा हा भेद सिद्ध होण्यास पाश्चात्त्य ध्वनिविज्ञानाला शंभर वर्षांहून अधिक काळ लागला. रॉबर्ट विलिस यांनी १८२९ साली आणि चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३७ साली स्वरांच्या उपपत्तीविषयी भिन्न मते मांडली. १८६३ साली हेल्महोल्ट्झ यांचा स्वरसंवेदनांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हर्मान यांनी स्वराच्या वैशिष्ट्यपूर्ण अनुस्पंदनांना ‘फॉर्मंट’ हे नाव दिले. १९४१ साली जपानमधील चिबा आणि काजियामा यांनी, आणि १९६० साली स्वीडनमधील गुन्नर फांट यांनी या विचाराला गणिती रूप दिले. त्यानंतर लवकरच, १९६२ साली, हेलियमयुक्त वातावरणात उच्चारलेल्या स्वरांचे पृथक्करण प्रसिद्ध झाले. हेलियमचा प्रयोग हा या सिद्धान्ताचा जणू निकषच होय, कारण त्यात उगमाला धक्का न लावता केवळ पोकळीचा गुणधर्म बदलता येतो.

आपल्या परंपरेत हा भेद फार पूर्वीच केला गेला होता, हे येथे नोंदविले पाहिजे. तैत्तिरीय प्रातिशाख्यात कंठ संवृत असता नाद, विवृत असता श्वास आणि मधल्या स्थितीत हकार उत्पन्न होतो, असे सांगितले आहे. वर्णाचे स्थान हा विषय त्याहून निराळा मानलेला आहे. पुढील वैयाकरणांनी घोष-अघोष आणि अल्पप्राण-महाप्राण हे भेद बाह्यप्रयत्नांत घातले, आणि कंठ, तालू, मूर्धा, दंत, ओष्ठ ही स्थाने वेगळी सांगितली. अर्थात प्राचीनांना अनुस्पंदनाचे गणित ठाऊक होते असा याचा अर्थ नव्हे. त्यांचे वर्गीकरण उच्चारणक्रियेच्या सूक्ष्म निरीक्षणावर आधारलेले होते. परंतु त्या वर्गीकरणाची रेषा आणि आधुनिक ध्वनिविज्ञानाची रेषा जवळजवळ एकाच जागी पडते.

मराठीच्या बाबतीत याचा पडताळा घेता येतो. हेलियमच्या आवाजात ‘क’ आणि ‘ख’ यांतील भेद टिकतो, कारण तो प्राणाचा आणि काळाचा भेद आहे. ‘प’ आणि ‘ब’ यांतील भेद टिकतो, कारण तो घोषाचा भेद आहे. ‘तू येतोस.’ आणि ‘तू येतोस?’ यांतील सुराचा भेदही टिकतो. अडचण येते ती स्वरांच्या गुणाची आणि व्यंजनांच्या स्थानाची. ‘आ’, ‘ए’, ‘ओ’ यांची अनुस्पंदने सवयीच्या पट्ट्यांबाहेर गेल्याने ते परस्परांपासून ओळखणे कठीण होते. ‘स’ आणि ‘श’ यांतील, तसेच ‘चार’ मधील तालव्य आणि ‘चाक’ मधील दंततालव्य ‘च’ यांतील फरक मुख्यतः घर्षणध्वनीच्या कंप्रतेवर अवलंबून असतो. तोही वर सरकतो, आणि दूरध्वनीच्या मर्यादित पट्ट्यातून तर बव्हंशी गळूनच जातो. थोडक्यात, ज्याला वैयाकरणांनी बाह्यप्रयत्न म्हटले ते हेलियममध्ये शाबूत राहते आणि ज्याला स्थान म्हटले ते डळमळते.

३. समुद्राखालचे बोलणे

हा प्रश्न केवळ विनोदाचा राहिला नाही, तो पाणबुड्यांमुळे. खोल पाण्यात दाबाखालील नायट्रोजनाने बुद्धीला गुंगी येते, म्हणून श्वसनासाठी हेलियम आणि ऑक्सिजन यांचे मिश्रण वापरावे, अशी कल्पना १९१९ च्या सुमारास पुढे आली. १९३९ साली बुडालेली ‘स्क्वॅलस’ ही अमेरिकन पाणबुडी वर काढताना या मिश्रणाचा उपयोग करण्यात आला. १९६४ व १९६५ साली अमेरिकन नौदलाच्या ‘सीलॅब’ प्रयोगांत माणसे दिवसेंदिवस हेलियमच्या वातावरणात राहिली. त्यांपैकी स्कॉट कार्पेंटर यांचे राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्याशी झालेले दूरध्वनी-संभाषण प्रसिद्ध आहे. कार्पेंटर काय बोलत आहेत हे समजणे पलीकडच्यांना दुरापास्त झाले होते. अशा बोलण्यातील अनुस्पंदने पुन्हा खाली आणणारी यंत्रे त्यानंतर विकसित झाली.

रायगड जिल्ह्याचा या विषयाशी संबंध येतो तो येथे. १९७४ साली मुंबईच्या पश्चिमेस समुद्रात मुंबई हाय हे तेलक्षेत्र सापडले, आणि तेथील तेल व वायू यांच्यासाठी पेणच्या शेजारच्या उरण तालुक्यात तेल व नैसर्गिक वायू महामंडळाचा मोठा प्रकल्प उभा राहिला. या क्षेत्रात समुद्राची खोली सुमारे ७५ ते ८० मीटर आहे. म्हणजे तळाशी दाब वातावरणाच्या आठनऊ पट असतो. तळाशी नळ आणि मनोऱ्यांचे पाय यांची देखभाल करणारे पाणबुडे अनेक दिवस दाबाखालील कोठीत राहून हेलियममिश्रित वायू श्वसतात. वरच्या नियंत्रकाला त्यांचा शब्द न् शब्द समजणे हा त्यांच्या जीवनमरणाचा प्रश्न असतो. दाबाने ध्वनीचा वेग फारसा बदलत नसला, तरी दाट वायूत मुखाच्या भिंतींच्या कंपनाचा प्रभाव वाढून पहिले अनुस्पंदन इतरांपेक्षा अधिक प्रमाणात वर जाते. म्हणून सर्व पट्टे एकाच प्रमाणात खाली आणून भागत नाही. ध्वनिविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकातील एक समीकरण किनाऱ्यावरच्या माणसांच्या उपयोगी पडते ते असे.

४. श्वास

पाणबुडे हेलियममध्ये आठवडेच्या आठवडे राहतात, मग फुग्यातील दोन श्वासांनी काय होणार, असा युक्तिवाद ऐकू येतो. तिसरा समज तो हाच. त्यातील चूक मूलभूत आहे. पाणबुड्याच्या मिश्रणात खोलीच्या मानाने मोजून ऑक्सिजन घातलेला असतो, आणि त्यावर सतत लक्ष ठेवलेले असते. फुग्यातील किंवा नळकांड्यातील हेलियममध्ये ऑक्सिजन नसतो. हवेत तो सुमारे २१ टक्के असतो. हेलियम विषारी नाही हे खरे. पण ते फुप्फुसात शिरले की तेथील ऑक्सिजनची जागा घेते. श्वास घेण्याची ओढ मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साठल्याने लागते, ऑक्सिजन घटल्याने नव्हे. त्यामुळे शरीराकडून धोक्याची सूचना वेळेवर मिळत नाही आणि माणूस अकस्मात बेशुद्ध होऊन कोसळतो. पडून डोक्याला मार लागणे, मेंदूला इजा होणे आणि मृत्यू हे सारे परिणाम यातून घडलेले आहेत.

नळकांड्याला थेट तोंड लावणे याहून घातक आहे. त्यातील वायू प्रचंड दाबाखाली असतो. तो एकदम फुप्फुसात शिरल्यास फुप्फुसाचे ऊतक फाटते, वायूचे बुडबुडे रक्तात शिरतात आणि ते मेंदूपर्यंत पोहोचल्यास क्षणात अनर्थ होतो. लहान मुलांची फुप्फुसे लहान असल्याने त्यांना धोका अधिक. पेणच्या गणेशोत्सवापासून रोह्याच्या धावीर महाराजांच्या पालखी-उत्सवापर्यंत कोठेही गर्दी जमली की फुगेवाला येतोच, आणि त्याच्या फुग्यात हेलियमच असेल असेही नाही. अनेकदा त्यात हायड्रोजन असतो, आणि तो ज्वालाग्राही आहे. फुगा हातात धरणाऱ्याला हा फरक दिसत नाही. कोणी असा वायू घेऊन कोसळल्यास त्याला मोकळ्या हवेत आणावे, श्वास बंद असल्यास कृत्रिम श्वसन द्यावे आणि १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

शिक्षकांच्या दृष्टीने याचे एक विशेष तात्पर्य आहे. ध्वनिविज्ञानाच्या वर्गात हेलियमचे प्रात्यक्षिक स्वतः वायू ओढून दाखविण्याचा मोह होतो, आणि विद्यार्थी ते घरी जाऊन करून पाहतात. तसे करण्याचे काहीच कारण उरलेले नाही. ‘प्राट’सारख्या विनामूल्य संगणक-प्रणालीत ध्वनिमुद्रित उच्चाराचा सूर कायम ठेवून त्याची अनुस्पंदने हव्या त्या प्रमाणात वर नेता येतात. ‘चार’ आणि ‘चाक’ हे दोन शब्द अशा रीतीने ऐकविले म्हणजे उगम आणि पोकळी यांतील भेद विद्यार्थ्याच्या कानाला पटतो, शिवाय वर्णपटाच्या आकृतीत तो डोळ्यांनाही दिसतो. फुग्याने यांपैकी पहिलेच साधते, आणि तेही अपुरे.

या तिन्ही समजांत एक साम्य आहे. प्रत्येकात दोन भिन्न गोष्टी एक मानल्या गेल्या आहेत : पहिल्यात १८६८ चे ग्रहण आणि १८९८ चे ग्रहण, दुसऱ्यात स्वरतंतू आणि वाक्पोकळी, तिसऱ्यात निर्विष वायू आणि श्वसनयोग्य वायू. १८६८ साली पिवळ्या रेषेच्या बाबतीतही नेमके हेच झाले होते. सोडियमची रेषा आणि ही रेषा एकच आहे असे कुशल निरीक्षकांनाही सामान्यतः वाटले. दीड नॅनोमीटरचे अंतर मोजल्यावरच नवे मूलद्रव्य दिसू लागले.